एकशे बारा तुकड्यांचा पडदा

सभागृहातल्या लांब टेबलावर शिवणकाकूंनी शेवटचं पुडकं सोडलं आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. पुडक्यातून निळं कापड निघालं. कोरं, करकरीत, घडीसुद्धा न मोडलेलं. त्याच्या आधीच्या पुडक्यातून निळंच निघालं होतं आणि त्याच्याही आधीच्या. गावात घरं एकशे बारा, टेबलावर तुकडे एकशे बारा, आणि ते सगळे एकाच ताग्यातले आहेत हे ओळखायला काकूंना चष्म्याची गरज नव्हती.

"आई, आपण काय मागितलं होतं?" सुनेनं विचारलं.

"जुनं कापड."

"नुसतं जुनं नाही. घरात वापरलेलं, ज्याच्यामागे काही आठवण आहे असं. अध्यक्षांनी लाऊडस्पीकरवरून तीनदा सांगितलं. मी स्वतः लिहून दिलं होतं."

सून ग्रामकार्यालयात कारकून होती आणि हा सगळा उपद्व्याप तिचाच होता. शहरातली एक कला-संस्था खेड्यांमधल्या कलाप्रकल्पांना अनुदान देते, असं तिच्या वाचनात आलं. तिनं अर्ज केला, 'आठवणींचा पडदा' असं झोकदार नाव दिलं. प्रत्येक घरानं हातभर लांब-रुंद जुनं कापड द्यायचं, ते सगळे तुकडे जोडून सभागृहाच्या रंगमंचासाठी पडदा करायचा. 'मुख्य कलाकार' या रकान्यात तिनं सासूचं नाव घातलं आणि सासूला विचारायचं राहून गेलं.

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा काकूंनी ते मशीनवर ठेवून उभ्यानंच वाचलं. तीस वर्षं त्या गावाच्या पँटी आखूड करत होत्या, कॉलर उलटवत होत्या, चेन बसवत होत्या. त्यांच्या हाताखालून न गेलेला कपडा गावात शोधून सापडला नसता. पण कामाबद्दल लोक फार तर "झालं का?" एवढंच विचारायचे. आणि इथे छापील अक्षरात 'मुख्य कलाकार'. काकूंनी पत्र घडी करून मशीनच्या खणात ठेवलं आणि दिवसातून तीन-चारदा दोरा शोधायच्या निमित्तानं तो खण उघडू लागल्या. पत्रात खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. स्थानिक कलाकाराचं काम समाधानकारक न वाटल्यास संस्था आपला प्रशिक्षित कलाकार पाठवील आणि फलकावर त्याचं नाव लागेल. ती ओळही काकूंना पाठ झाली होती.

आता झालं होतं असं, की आवाहन सगळ्यांना नीट कळलं होतं आणि सगळ्यांनी ते फक्त इतरांसाठी आहे असं धरलं होतं. गावाच्या पडद्यावर आपलं कापड लागणार, सगळं गाव ते बघणार, मग तिथे विरलेला अभ्रा लावायचा? इतरांनी लावावा. त्यांच्या शेजारी आपलं कसं उठून दिसेल. अशा विचारानं प्रत्येक घरातून एक माणूस गुपचूप गावातल्या एकुलत्या एक कापडदुकानात गेला. कापडवाल्याकडे निळ्या कापडाचा एक भलामोठा तागा तीन वर्षं पडून होता. त्यानं पहिल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात तो मारला, आणि दुसऱ्याला सांगितलं, की तुमच्या शेजाऱ्यांनी हेच नेलं. त्यानंतर दुसऱ्यानं काही कमी दर्जाचं नेण्याचा प्रश्नच नव्हता. असा तागा संपत आला.

"एकाही माणसाला वाटलं नाही, की सांगितलंय तसं करावं?" सून म्हणाली. "आपल्या घरचं तुम्ही काय दिलंत? बाबांचा तो शर्ट ना?"

काकू टेबलावरची पुडकी सरळ करू लागल्या. सायकलचं दुकान उघडलं त्या दिवशी त्यांच्या नवऱ्यानं, सायकलकाकांनी, घातलेला शर्ट त्यांनी कपाटातून काढला होता खरा. त्याच्या बाहीवर पहिल्या गिऱ्हाइकाच्या साखळीचा डाग होता. काकूंनी तो डाग बघितला, विरलेली कॉलर बघितली, शर्ट पुन्हा कपाटात ठेवला आणि मागच्या गल्लीनं कापडदुकान गाठलं.

"आई?"

"शेवटचे तीन तुकडे राहिले होते," काकू म्हणाल्या. "त्यातला एक."

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी दारोदार फिरायला सुरुवात केली. दूधवाली वहिनी ओसरी पुसत होती. "जुनं कापड? आमच्या घरात जुनं काही नसतंच, काकू," असं म्हणून तिनं हातातलं फडकं पिळलं. ते फडकं म्हणजे तिच्या नवऱ्याचा चौकडीचा शर्ट आहे, हे काकूंनी लगेच ओळखलं, कारण त्याच्या बगलेला ठिगळ त्यांनीच लावलं होतं. त्या पुढच्या घराकडे वळल्या. निवृत्त गुरुजींनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "देतो की. पण आधी दूधवालीकडचं आणून दाखवा." दूधवाली म्हणाली, आधी गुरुजींचं. अशी सगळ्या गावाची एकमेकांकडे बोटं होती आणि संध्याकाळपर्यंत काकूंच्या पिशवीत एक चिंधी आली नाही.

शेवटी सूनच वैतागून म्हणाली, "जुनं देत नाहीत ना? मग नवीन आहे तेच जुनं करू दे त्यांना." ती हे रागानं म्हणाली होती. अध्यक्ष शेजारी बसले होते. सभागृह समितीचे अध्यक्ष म्हणजे कुणाच्याही तोंडून निघालेलं वाक्य अर्ध्या तासात स्वतःचं करणारा माणूस. संध्याकाळी लाऊडस्पीकर खरखरला. "ग्रामस्थहो, बरंच चिंतन करून मी एक निर्णय घेतलेला आहे. आपापला तुकडा घेऊन जा, जुना करा आणि आठ दिवसांनी परत आणा."

गावानं अंग झाडून काम केलं, हे मान्य करायला हवं. कुणी कापड सोड्यात उकळलं, कुणी दगडावर घासलं. गुरुजींनी ते चहाच्या पाण्यात उकळून रात्रंदिवस भिजत ठेवलं. दूधवालीनं गाईच्या पाठीवर बांधलं आणि गाय आठ दिवस निळी झूल घालून ऐटीत फिरली. या सगळ्यात एकटा कापडवाला दुखावला. तो घराघरापुढे उभा राहून सांगू लागला, "उगाच हात दुखवून घेताय. रंग जाणार नाही. मी गॅरंटी दिलीय."

आणि रंग खरोखरच गेला नाही. आठ दिवसांनी एकशे बारा तुकडे परत आले ते पहिल्याइतकेच निळे. फरक एवढाच, की ज्यांनी उकळले होते त्यांचे आटले होते. ज्यांनी जास्त उकळले होते त्यांचे जास्त आटले होते. गुरुजींच्या तुकड्याला चहाचा वास येत होता आणि दूधवालीच्या तुकड्याला गाईचा. कुठल्याही दोन तुकड्यांचं माप जुळत नव्हतं.

"आता?" सायकलकाकांनी विचारलं. "निळ्याला निळं जोडून दिसणार काय?"

"काही दिसणार नाही," काकू म्हणाल्या, आणि त्या अशा काही थाटात म्हणाल्या, की काकांनी पुढचा प्रश्न गिळला.

काकूंच्या मनात काय होतं ते समजण्यासाठी त्यांचा धंदा समजायला हवा. पँट आखूड केली तर ती मुळातच तेवढी होती असं वाटलं पाहिजे, रफू केलं तर तिथे भोक होतं हे मालकाच्याही लक्षात राहता कामा नये. शिवण दिसली की शिंप्याची लाज गेली, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं. आता आयुष्यात पहिल्यांदा कलाकार म्हणून काम हातात आलं होतं. कापडात आठवण नव्हती, रंगात वेगळेपण नव्हतं. मग उरली ती शिवण. ती काकूंनी अशी करायची ठरवली, की खुद्द वडील वरून उतरून आले तरी त्यांना सापडू नये.

सव्वीस दिवस त्या सभागृहाच्या फरशीवर बसल्या. आटलेल्या तुकड्याशेजारी मोठा ठेवायचा, तिरक्याला तिरका भिडवायचा, कापडाच्या विणीला वीण जुळवायची. दोरा बाजारचा नाही, त्याच कापडातून उपसलेला. टाके इतके बारीक, की सून बघायला वाकली तर काकू म्हणायच्या, "श्वास जरा तिकडे सोड." मान आखडली, बोटांना घट्टे पडले, गावातल्या तमाम पँटी लांबच्या लांब राहिल्या. सत्ताविसाव्या दिवशी पडदा रंगमंचावर चढला. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळा आणि अखंड. ना सुरकुती ना रेघ.

गाव बघायला लोटलं. अध्यक्ष बराच वेळ मागे हात बांधून बघत राहिले. "झकास," ते म्हणाले. "आता तुकडे कधी लावणार?"

काकूंना तीस वर्षांत कुणी इतकं सुंदर काही बोललं नव्हतं. त्यांचा चेहरा फुलला. सुनेचा मात्र उतरला. "आई, उद्या संस्थेच्या बाई येणार आहेत. त्यांना एकशे बारा तुकडे दिसायला हवेत."

"दिसतील कसे? न दिसण्यासाठी तर बसले होते मी."

"त्यांना वाटेल आपण बाजारातून पडदा विकत आणला."

ते ऐकून काकूंनी घरी येऊन मशीनचा खण उघडला आणि ती बारीक अक्षरातली ओळ पुन्हा वाचली. अध्यक्ष मात्र निश्चिंत होते. त्यांनी लाऊडस्पीकरवरून सांगितलं, की उद्या प्रत्येकानं आपल्या तुकड्याची एक आठवण तोंडपाठ करून यावी.

संस्थेच्या बाई दुपारी जेवणानंतर आल्या. बारीक चणीच्या, थकलेल्या, हातात चौकोनांनी भरलेला कागद आणि पेन. त्यांनी पडदा पाहिला, कागद पाहिला, पुन्हा पडदा पाहिला.

"प्रकल्पाचा पडदा कुठे आहे?"

"हाच," अध्यक्ष म्हणाले. "प्रत्येक धाग्यात आठवण आहे, बाई. विचारा कुणालाही."

बाईंनी गुरुजींना विचारलं. गुरुजी उभे राहिले. "माझा तुकडा माझ्या आजीच्या लुगड्याचा. ती ते नेसून मला गोष्टी सांगायची." बाईंनी लिहून घेतलं. मग दूधवालीला विचारलं. तीही आजीवरच आली. तिसऱ्याची आजी ऐकून झाल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुम्हा सगळ्यांच्या आज्या एकाच दुकानातून कापड घ्यायच्या का?"

"हो, आमच्याच," मागच्या रांगेतून कापडवाला अभिमानानं उठला. "बघा ना, आठ दिवस उकळलं गावानं, रंग हललाय का? दोन महिने झाले विकून, अजून तस्साच आहे."

अध्यक्ष छताकडे बघू लागले. सुनेनं डोळे मिटून घेतले. बाई कागदावरच्या एका चौकोनाकडे पेन नेऊ लागल्या. तो चौकोन कुठला, हे काकूंना न वाचताही कळलं. त्या पुढे आल्या.

"बाई, खरं सांगते. जुनं कुणी दिलं नाही. मीही दिलं नाही. गावाच्या पडद्याला फाटकं द्यायला कुणाचं मन होईना. चूक असेल ती. पण तुकडे एकशे बारा आहेत आणि ते मी हातानं जोडलेत."

"मला एकही जोड दिसत नाही."

"तेच तर माझं काम आहे."

बाई रंगमंचावर चढल्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पडद्याला नाक लावलं, बोट फिरवलं. "इथे हाताला काहीतरी लागतंय. पण तीन-चार पट्टे जोडलेले असतातच हो कुठल्याही तयार पडद्याला. एक जोड उसवून दाखवता?"

काकू ताठ झाल्या. बाजी अख्खी हातची जाणार हे त्यांना कळत होतं. खणातलं पत्र, फलकावरचं नाव, सगळं. "फाटलेलं असेल तर शिवून देते," त्या म्हणाल्या. "चांगलं शिवलेलं मी उसवत नाही."

बाईंनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि त्या म्हणाल्या, "बरं, मागची बाजू तरी बघू द्या. तिथे टोकं सुटलेली असतील."

मागच्या बाजूला जायला रंगमंचाचं मागचं, जवळजवळ भिंतभर रुंद दार उघडायला हवं होतं. पडदा आता भिंतीपासून भिंतीपर्यंत बसला होता. त्या दाराला मोडक्या खुर्च्यांची चळत लावलेली होती. सायकलकाकांनी आणि चार जणांनी बाहेरून वळसा घालून ती ओढून काढली, गंजलेली कडी ठोकून सोडवली आणि दार सताड उघडून बाईंना आत घेतलं. बाई पडद्यामागे शिरल्या, इकडून तिकडे गेल्या. मागूनही तोच निळा अखंडपणा. काकूंनी टोक सुटू दिलं नव्हतं.

"इथेही काही नाही," त्यांचा आवाज पडद्याआडून आला. "मला वाईट वाटतं, पण—"

त्यांचं पुढचं बोलणं कुणी ऐकलं नाही. मागचं दार पश्चिमेला होतं. उतरत्या दुपारचं ऊन थेट आत आलं होतं आणि ते पडद्यातून आरपार येत होतं. जिथे जिथे कापडावर कापड दुमडलं होतं, तिथे तिथे गडद रेघ उमटली होती. उभ्या, आडव्या, तिरक्या. लहान चौकोन, मोठे चौकोन, एका अंगाला आटलेले, दुसऱ्याला ताणलेले. प्रत्येक वेगळा, आणि कडेला कडा अशी धरून ठेवलेली, की कुठे एक भोक नाही. गाव उभं राहिलं.

"बाई, पुढे या," सून ओरडली. "लवकर."

बाई वळसा घालून धावत पुढे आल्या. सायकलकाका रीतीभातीचा माणूस. पाहुण्या बाहेर पडल्या तसं त्यांनी त्यांच्यामागे दार व्यवस्थित लावून घेतलं. बाई समोर पोचल्या तेव्हा पडदा पहिल्यासारखा निळा होता.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"अहो, दार," काकू म्हणाल्या. "दार उघडा."

दार उघडलं. बाईंनी हातातला कागद छातीशी धरला आणि त्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसल्या. मग उठून मोजू लागल्या. उभे आठ, आडवे चौदा. मोजून झालं तरी बघतच राहिल्या.

पहिला आवाज गुरुजींचा आला. "माझा तुकडा एवढा लहान कसा?"

"तुम्ही उकळलात ना चहात," दूधवाली म्हणाली. "माझा बघा. गाईनं घातला होता तरी केवढा आहे."

मग कुणाचं काय बोलणं कुणाला ऐकू येईना. आपला तुकडा कुठला, तो तिरका का, कुणी किती वेळ उकळला, कुणाच्या पातेल्याचा तळ निळा झाला तो अजून गेलेला नाही, कुठल्या नवराबायकोचं धोपटण्यावरून भांडण झालं आणि दगडावरच मिटलं. एकेकानं पडद्यापाशी जाऊन बोट ठेवावं आणि सांगावं. आजीचं नाव कुणी काढलं नाही. बाईंचं पेन थांबेना. कागदावरचे चौकोन भरले, समास भरले, तेव्हा सुनेनं त्यांना वही दिली. काकू एका बाजूला उभं राहून बघत होत्या. आपण एवढं मोठं काहीतरी केलं आहे हे त्यांना आत्ता, सगळ्यांबरोबरच कळत होतं. फक्त खालच्या रांगेत डावीकडे एक रेघ किंचित वाकडी होती. तिच्यावरून त्यांची नजर हलेना.

"मुख्य कलाकार," बाईंनी मोठ्यानं वाचलं आणि त्या रकान्यापुढे ठसठशीत खूण केली. "फलकावर नाव तुमचंच येईल. आणि एक विनंती. प्रत्येक कार्यक्रमाआधी ते दार पाच मिनिटं उघडायचं."

"म्हणजे दरवेळी माझ्या शिवणी सगळ्या गावाला दाखवणार?" काकूंनी विचारलं.

"तीच तर कला आहे, काकू."

काकूंनी यावर बराच विचार केला. वडिलांनी शिकवलेलं एका बाजूला आणि फलक दुसऱ्या बाजूला. "पाच नको," त्या शेवटी म्हणाल्या. "तीन मिनिटं."

फलक लागायच्या आदल्या सकाळी अध्यक्ष काकूंच्या दारात आले. खांद्यावर नवी पँट होती. आत येता येताच ती त्यांनी मशीनवर टाकली. "काकू, दोन बोटं आखूड करायचीय. उद्घाटनाला घालणार आहे. तासाभरात माणूस पाठवतो."

काकूंनी पँट उचलली, उजेडात धरली, पायाकडची बाजू उलटून पाहिली पण नेहमीसारखं "ठेवा" म्हणाल्या नाहीत. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, म्हणून अध्यक्ष जरा बावरले. खुर्ची दिसली तशी ते तिच्या काठावर टेकले.

"शिवण कशी हवी?" काकूंनी विचारलं.

"कशी म्हणजे?"

"न दिसणारी हवी असेल तर तासाभरात देते," काकू चष्मा पुसत म्हणाल्या. "दिसणारी हवी असेल तर मात्र पुढच्या महिन्यात या."